जुन्या मोटारींतील झडपांच्या वेळेचा बिघाड व त्याची परीक्षा

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं दहा-पंधरा वर्षें चाललेली पेट्रोलची मोटार आज उभी असते. बैल लंगडूं लागला किंवा ट्रॅक्टर काळा धूर ओकूं लागला, तर दुखणें कोठें असावें याचा अंदाज शेतकऱ्यास स्वतःलाच करतां येतो. पण मोटारीच्या चालकापुढील तबकडींत एंजिनाचा पिवळा दिवा लागला, कीं तो मिस्त्रीच्या शब्दावर सर्वस्वीं विसंबतो. मग एक जाळी धुण्यानें भागणारें काम सबंध एंजिन उघडण्यापर्यंत जातें, आणि सोयाबीनच्या पट्टीचे पैसे हातीं पडण्यापूर्वींच खर्ची पडतात. असे जे बिघाड आहेत, त्यांपैकीं झडपांची वेळ बदलणाऱ्या योजनेचा बिघाड प्रमुख होय. डिझेल गाड्यांत ही योजना बहुधा नसते; तेव्हां जीपवाल्यांनीं हा लेख सोडून दिला तरी चालेल.

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरवर हवा व पेट्रोल आंत घेणाऱ्या आणि जळका वायु बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. यांसच मिस्त्री व्हॉल्व्ह म्हणतात. त्या उघडणारा दांडा तो कॅमशाफ्ट. खालचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे घेतो तेवढ्यांत कॅमशाफ्ट सांखळीच्या किंवा पट्ट्याच्या ओढीनें एक फेरा घेतो. पूर्वींच्या एंजिनांत हा मेळ एकदां बसविला कीं कायमचा. परंतु गाडी उभी असतां मंद चालणाऱ्या एंजिनास आंत घेणारी झडप जरा उशिरा उघडलेली मानवते, तर भार घेऊन चढ चढतांना तीच लवकर उघडली व लवकर मिटली म्हणजे जोर अधिक मिळतो. एकाच वेळापत्रकानें हीं दोन्हीं कामें साधत नाहींत. यास्तव चालतां चालतांच कॅमशाफ्ट किंचित् पुढें-मागें फिरविण्याची युक्ति निघाली. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मोटारींत ती इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीनें १९८० सालीं प्रथम आणिली. आपल्याकडे २००३ सालीं आलेली टोयोटाची कोरोला व २०११ सालची नवी स्विफ्ट यांच्या पेट्रोल एंजिनांत ती आहे.

कॅमशाफ्टच्या टोंकाशीं जें दांत्यांचें चाक असतें, त्याच्या पोटांत पोकळ कप्पे असून प्रत्येक कप्प्यांत एक पाकळी असते. पाकळीच्या एका बाजूस एंजिनाचें तेल दाबानें सोडलें कीं कॅमशाफ्ट पुढें सरकतो. दुसऱ्या बाजूस सोडलें कीं मागें. या चाकास फेजर म्हणतात. तेल कोणत्या बाजूस सोडावयाचें हें एक लहानशी विजेची झडप ठरविते; तिला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह असें नांव आहे. पाटाच्या फाट्यावरचें दार जसें पाणी कधीं वरच्या वाफ्यास तर कधीं खालच्या वाफ्यास देतें, तसेंच हें समजावें. दार हलविणारा पाटकरी म्हणजे गाडींतील संगणक. तो दोन्ही दांड्यांजवळ बसविलेल्या सेन्सरांवरून कॅमशाफ्ट सांगितल्या जागीं गेला कीं नाहीं हें पाहतो, व तो गेला नसल्यास दिवा लावतो.

म्हणजे ही सारी योजना चालते ती तेलावर. पाटांतच पाणी नसेल किंवा गाळ बसला असेल, तर दार नवें बसवून काय होणार? महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास एक खोड लागते. वादाच्या जमिनीची मोजणी मागविण्यापूर्वीं तो सातबारा व फेरफार काढून पाहतो. येथेंहि तोच क्रम लावावा. गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं काडी काढून तेलाची पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्याहि खालीं असल्यास पुढची परीक्षा व्यर्थ आहे. नंतर तेल कोणतें घातलें आहे तें पाहावें. पुष्कळ वाड्यांवर ट्रॅक्टरसाठीं आणलेल्या पिंपांतलेंच १५डब्ल्यू-४० तेल मोटारींतहि ओततात, आणि कांहीं मिस्त्री तर गाडी जुनी झाली म्हणून त्याहूनहि जाड तेल घालण्याचा सल्ला देतात. ज्या एंजिनाच्या पुस्तिकेंत ५डब्ल्यू-३० सांगितलें आहे, त्याच्या बारीक वाटांतून जाड तेल, विशेषतः थंडीच्या पहाटे, वेळेवर पोंचत नाहीं. पुस्तिकेंत असेल तेंच तेल घालावें.

तेल ओतण्याच्या झांकणाखालीं काकवीसारखा काळा चिकटा दिसला, तर वेळेवर तेल न बदलल्याचा तो पुरावा होय. अशा वेळीं रॉकेल किंवा डिझेल घालून एंजिन धुण्याची चाल आहे. ती मला पसंत नाहीं. कारण सुटलेला गाळ तळाच्या गाळणींत जाऊन तेलाची वाटच बंद करूं शकतो. नवें तेल व नवा फिल्टर घालून, तें नेहमींच्या निम्म्या अंतरावरच पुन्हा बदलणें अधिक सुरक्षित.

लक्षणें दोन प्रकारचीं. कॅमशाफ्ट पुढें सरकलेल्या स्थितींत अडकला, तर उभ्या गाडीचें एंजिन थरथरतें व सिग्नलपाशीं बंद पडतें. मागें अडकला, तर उभी गाडी शांत चालते, पण चढावर जीव नसल्यासारखी वाटते व पेट्रोल जास्त खाते. गॅरेजांत स्कॅनर लावल्यावर जो आंकडा येईल तो कागदावर लिहून मागावा. पी ००१० म्हणजे विजेच्या झडपेच्या वायरींतील दोष; पी ००११ म्हणजे आंत घेणारा कॅमशाफ्ट फार पुढें; पी ००१२ म्हणजे फार मागें; पी ००१६ म्हणजे क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळच जुळत नाहीं. हे आंकडे भाग खराब झाल्याचें प्रमाणपत्र नव्हेत. पी ००११ निघाला म्हणून लागलीच फेजर बदलावयास सांगणाऱ्यास आधीं विजेची झडप तपासण्यास सांगावें.

ती परीक्षा अवघड नाहीं. झडपेचा वायरीचा जोड काढून मीटर लावावा. टोयोटाच्या कित्येक एंजिनांत वीस अंश उष्णमानास तिचा विरोध ६.९ ते ७.९ ओहम भरतो. इतर कंपन्यांचे आंकडे निराळे आहेत. नंतर एंजिन ऊन झाल्यावर मंद चालत ठेवावें व त्याच झडपेस बॅटरीची वीज क्षणभर द्यावी. एंजिन लगेच खडबडलें किंवा बंद पडलें, तर झडप व फेजर दोन्ही हलतात, आणि दोष तेलांत किंवा वायरींत शोधावा. कांहींच फरक पडला नाहीं, तर झडप बाहेर काढून, वीज देऊन तिचा आंतील दट्ट्या सरकतो कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. तिच्या वाटेवर बारीक जाळी असते. ठिबकाचा फिल्टर तुंबल्यावर शेवटचीं झाडें जशीं कोरडीं राहतात, तशीच गत येथें होते. जाळी धुतल्याबरोबर गाडी सुधारल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

वायरीहि पाहाव्या. धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हें कोणास सांगावयास नको.

सांखळीची गोष्ट मात्र गंभीर आहे. सकाळीं पहिल्यांदा चालू करतांना एक-दोन क्षण खडखड होऊन थांबली, तर फेजरची आंतील खीळ झिजली असण्याचा संभव असतो. त्यासाठीं दुसऱ्या दिवशीं गॅरेज गांठण्याचें कारण नाहीं. पण खडखड टिकून राहिली व पी ००१६ आंकडा निघाला, तर सांखळी ताणली आहे किंवा दांता सुटला आहे असें धरून गाडी चालविणें बंद करावें. पुष्कळ एंजिनांत मेळ सुटल्यास झडपा पिस्टनवर आदळून वांकतात, आणि मग खर्चाला धरबंध राहत नाहीं. तेलाचा तांबडा दिवा लागला तर जेथें असाल तेथेंच एंजिन बंद करावें.

एवढें सर्व पाहूनहि दोष उरला, तर फेजर बदलावा. पण त्यापूर्वीं दाबमापक लावून तेलाचा दाब मोजून घ्यावा. दाबच कमी असेल तर दोष पंपांत किंवा बेअरिंगांत आहे, आणि नवा फेजरहि जुन्यासारखाच वागेल. फेजर काढण्यापूर्वीं सांखळी व चाकें यांवर रंगाच्या खुणा करून घ्याव्या. जोडणी झाल्यावर चावी फिरविण्याची घाई न करतां क्रँकच्या बोल्टास पाना लावून एंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावें. मध्येंच तें अडलें तर जोर न लावतां थांबून खुणा पुन्हा जुळवाव्या.