दाढी पाण्याने होते

साखर कारखान्याच्या बॉयलरला कसलंही पाणी चालत नाही. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्यात बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कच्च्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापलेल्या नळ्यांच्या आत थर धरतात, उष्णता पुढे जाईनाशी होते आणि नळी फुटायची वेळ येते. म्हणून वाफ निवून झालेलं पाणी बॉयलरला परत देतात आणि कमी पडेल तेवढं मृदू करून घेतात. हेच क्षार सकाळी आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या वाटीतला फेसही मारतात.

साबण आणि ब्रशने दाढी करायला नव्याने शिकणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा फेसाचीच असते. फेस धरत नाही, धरला तर गालावर टिकत नाही. मग ब्लेड बदलतात, ब्रश बदलतात, महागडा साबण आणतात. पाण्याकडे लक्ष जात नाही. या दाढीतलं निम्म्याहून जास्त काम तर पाणीच करतं.

दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो. आपली नखं आणि गुराढोरांची शिंगंही त्याचीच. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के, साध्या पाण्याला दाद न देणारे. हायड्रोजनचे बंध कच्चे, पण संख्येने प्रचंड. पाण्याचे रेणू आत शिरले की या कच्च्या बंधांची जागा ते घेतात आणि केसाचा ताठपणा जातो. कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो. लांबीने तो जेमतेम एक-दोन टक्के वाढतो, जाडीने मात्र दहा-पंधरा टक्के फुगतो. असा फुगलेला केस कापायला बराच कमी जोर लागतो. यासाठी दोन-तीन मिनिटं जावी लागतात, पाणी कोमट असलं तर काम लवकर होतं. आंघोळीनंतर दाढी करावी असं जुने लोक सांगत, त्यामागे हेच आहे.

पण केसावर त्वचेतून आलेल्या तेलाचा पातळ लेप असतो, आणि पाणी त्यावरून ओघळून जातं. इथे साबण लागतो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलात रुततं. तेल सुटतं, पाण्याला वाट मिळते. साबण अल्कधर्मी असल्यामुळे केस आणखी थोडा फुगतो.

सगळेच साबण दाढीला चालत नाहीत, आणि हा फरक तेलातून आलेला असतो. खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस झटकन येतो, बुडबुडे मोठे असतात आणि तो तितक्याच झटकन विरतो. दाढीच्या साबणात स्टीअरिक आम्ल भरपूर असतं. त्याची अठरा कार्बन अणूंची लांब साखळी फेस सावकाश आणते, पण तो बारीक आणि टिकाऊ असतो. त्यात कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही वापरतात, कारण पोटॅशचा साबण मऊ असतो आणि ब्रशवर लगेच उतरतो. स्टीअरिक आम्ल प्राण्यांच्या चरबीतून मिळतं तसं वनस्पती तेलांतूनही. चरबीच्या साबणाला आपल्याकडे अनेकांचा विरोध होता. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास चरबीविना, वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तो याच पार्श्वभूमीवर.

आता फेस करण्याचं कसब. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा आणि नीट झटकायचा. ओल राहिली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवला की केसांच्या टोकांवर चिकट लगदा जमतो. तो फेस नव्हे. गालावर किंवा वाटीत तो घोटत राहायचं आणि चार-चार थेंब पाणी देत जायचं. नवशिके या टप्प्यावर घाई करतात. पाणी कमी पडलं की फेस कोरडा, फुगीर होतो, दिसायला भरपूर आणि कामाला निरुपयोगी, कारण त्यात हवाच जास्त असते. पाणी जास्त झालं की बुडबुडे मोठे होऊन फुटतात. या दोहोंच्या मध्ये सायीच्या दह्यासारखा चकचकीत, जड फेस येतो. त्यातले बुडबुडे डोळ्यांना वेगवेगळे दिसत नाहीत, आणि त्यांच्यामधल्या पातळ पडद्यांत पाणी अडकलेलं असतं. द्रव असूनही तो गालावरून ओघळत नाही. म्हणजे केसाभोवती पाणी धरून ठेवणं, हे फेसाचं खरं काम. साबणातलं ग्लिसरीन ते पाणी सुकू देत नाही, आणि पात्याखाली निसरडेपणा येतो तोही यातूनच.

कठीण पाणी नेमकं इथे आडवं येतं. कॅल्शियमचा एक अणू साबणाचे दोन रेणू बांधून टाकतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. ३०० मिलिग्रॅमचं एक लिटर पाणी हिशेबाने पावणेदोन ग्रॅमच्या आसपास साबण निकामी करतं. दाढीच्या फेसाला पाणी थोडंच लागतं, त्यामुळे साबण फारसा वाया जात नाही. नुकसान दुसऱ्या वाटेने होतं. साक्याचे कण बुडबुड्यांच्या पडद्यांत घुसून ते फोडतात.

आपल्या भागाला एक गोष्ट अनुकूल आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कठीणता बरीचशी बायकार्बोनेटची असते, आणि ती उकळल्यावर खाली बसते. तांब्याच्या बंबात आतून चढणारा पांढरा थर तोच. तेव्हा बोअरचं पाणी असेल तर चांगलं उकळू द्यावं, निवळू द्यावं आणि वरचं घ्यावं. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर त्याहून उत्तम, त्यात हे क्षार जवळजवळ नसतात.

मग पातं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी ब्लेड बोथट होतं. का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार घासून गोल झालेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. कापताना केस वाकतो, पात्याशी तिरका होतो, आणि धारेतलं पोलाद जिथे एकजिनसी नसतं अशा जागी ताण एकवटतो. हा शोध मला फार मोलाचा वाटतो, कारण रोजच्या इतक्या साध्या गोष्टीकडे त्यांनी असं निरखून पाहिलं.

हाताच्या कामाला यातून दिशा मिळते. त्वचा ताणून धरायची, पातं साधारण तीस अंशांत ठेवायचं, दाबायचं नाही. पहिला हात सुलटा, केसांच्या रोखाने. गळ्यावर हा रोख प्रत्येकाचा वेगळा असतो, तो बोटांनी चाचपून घ्यावा. उलट्या हाताने गाल गुळगुळीत होतो खरा, पण केस ओढला जाऊन त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, आणि कुरळ्या केसांचं टोक पुढे आतच वाढून पुटकुळी येते.

हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या नाभिकांच्या हातात होतं. वस्तरा, चामोटा आणि तुरटी धोकटीत घालून घरोघर फिरणाऱ्या या माणसांना गावातल्या प्रत्येक गालाचा रोख ठाऊक असे. आज सलूनमध्ये गिऱ्हाईकागणिक नवं अर्धं ब्लेड लावतात, ते आग्रहाने पाहून घ्यावं. हिपॅटायटिस-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरतो. ब्रशही निर्धोक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. आज नायलॉनचे ब्रश मिळतात, पण तेही वापरून झाल्यावर धुऊन, झटकून कोरडे ठेवायला हवेत.

तुरटीचा खडा शेवटी फिरवतात. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी तुरटीने निवळतं, कारण तिच्यातलं ॲल्युमिनियम मातीच्या कणांना एकत्र आणून खाली बसवतं. जखमेवर तेच ॲल्युमिनियम रक्तातली प्रथिनं गोठवतं आणि बारीक चीर मिटते. तुरटी किंचित आम्लधर्मीही असते, साबणाने चढलेला अल्कधर्म ती उतरवते. मात्र एकच खडा दहा जणांच्या गालांवरून फिरला तर जे नव्या ब्लेडने टाळलं तेच परत येतं, म्हणून खडा आपापला असावा. आणि वापरलेलं पातं कचऱ्याच्या पिशवीत मोकळं टाकू नये. झाकणाला चीर पाडलेला एखादा पत्र्याचा डबा ठेवला तर वर्षभराची पाती त्यात मावतात, आणि ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराची बोटं कापली जात नाहीत.