समुद्रावरील दावे आणि उल्हासकांठचीं शहरें

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील गृहस्थांस मुंबईचें हायकोर्ट ठाऊक नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. २००५ सालच्या सुमारास उल्हासनगरांतील ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याविषयीं त्या कोर्टाचे हुकूम सुटले, तेव्हां त्याचें नांव घरोघर झालें. आणि सरकारास २००६ सालीं त्या एका शहरापुरता निराळा कायदा करून वाट काढावी लागली. परंतु या परिचयांतून एक अपुरी समजूत दृढ झाली आहे. हायकोर्ट म्हणजे एक तर सरकारचा किंवा नगरपालिकेचा कान धरणारें, नाहीं तर खालीं हरलेल्या पक्षकारानें वर जाण्याचें ठिकाण, एवढेंच आमचे लोक समजतात. जेथें फिर्याद मुळांतच दाखल होते असें त्या कोर्टाचें तिसरें दार आहे, आणि त्या दाराचा एक भाग आमच्या तिन्ही शहरांस उघडा आहे, हें व्यापाऱ्यांस तर नाहींच, पण आमच्या व्यवसायबंधूंपैकीं पुष्कळांसही ठाऊक नसावें याचें आम्हांस वाईट वाटतें.

१४ ऑगस्ट १८६२ रोजीं हें हायकोर्ट सुरू झालें, तेव्हां जुन्या सुप्रीम कोर्टाचा मूळ दिवाणी अधिकार त्याजकडे आला. तो शहरापुरता होता; पुढें तो बृहन्मुंबईपर्यंत वाढला आणि मुलुंडास येऊन थांबला. मुलुंडच्या व्यापाऱ्याचा मोठ्या रकमेचा दावा, म्हणजे २०२३ च्या दुरुस्तीनंतर १० कोटींवरचा, हायकोर्टांत पहिल्यानेंच चालतो. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचा शेजाऱ्यावरील तेवढाच दावा जिल्ह्याच्या कोर्टांत लागतो. हा भेद न्याय्य आहे कीं नाहीं, याचा खल आज करीत नाहीं. जिल्ह्याचें कोर्ट घराजवळ असतें व तेथें मराठी चालते, हाही लाभ थोडा नाहीं.

मात्र दावा जहाजासंबंधीं असला कीं मुलुंडची वेस पुसली जाते. १ एप्रिल २०१८ पासून अमलांत आलेल्या २०१७ च्या नौविषयक अधिकाराच्या कायद्यानें मुंबई हायकोर्टाचा हा अधिकार त्याच्या हद्दींतील किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्रावर चालतो. न्हावाशेवा बंदर रायगड जिल्ह्यांत आहे. तरी तेथें नांगरलेल्या जहाजावरची फिर्याद अलिबागेस नव्हे, फोर्टांत होते. आणि रकमेचेंही बंधन नाहीं. दोन लाखांचा नौविषयक दावाही हायकोर्टानेंच ऐकावयाचा.

आमच्या गांवांचा समुद्राशीं काय संबंध, असें कोणी विचारील. ज्या उल्हास नदीवरून त्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजीं नांव मिळालें, ती नदी खाडी होऊन समुद्रास मिळते, आणि त्या खाडीवरचें कल्याण सातवाहनांच्या काळीं परदेशीं माहीत असलेलें बंदर होतें. फाळणीनंतर कल्याण कँपांत वसलेल्या सिंधी बांधवांपैकीं कित्येक तर कराचीहून आगबोटीनेंच मुंबईस उतरले. पण इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. अंबरनाथ व बदलापूर येथील कारखान्यांचा परदेशीं जाणारा माल न्हावाशेव्यास बोटीवर चढतो, आणि याच गांवांतले तरुण खलाशी म्हणून परक्या निशाणाच्या बोटींवर नोकरी करतात. माल भलत्याच्या हातीं पडला, किंवा पगार बुडाला, तर धनी कोठें शोधावा? मालक एका देशांत, नोंदणी दुसऱ्या देशांत, मुखत्यार तिसऱ्याच. हातीं लागण्यासारखी वस्तु एकच, तें जहाज. आणि कायदा त्या जहाजासच प्रतिवादी करूं देतो.

हा अधिकार आम्हांस सुखासुखीं मिळालेला नाहीं. आमच्या कोर्टांचा नौविषयक अधिकार इंग्लंडच्या पार्लमेंटाच्या १८६१ व १८९० च्या कायद्यांवर बेतलेला होता. १८६१ च्या कायद्यांत मालाविषयींची तरतूद बंदरांत येणाऱ्या मालापुरती होती, बाहेर जाणाऱ्या मालापुरती नव्हती. इंग्रज व्यापाऱ्यास तेवढें पुरत असेल; माल बाहेर धाडणाऱ्या हिंदी व्यापाऱ्याचें काय? फेब्रुवारी १९८४ मध्यें 'एलिझाबेथ' नांवाचें परदेशी जहाज गोव्यांतील एका व्यापारी मंडळीचा माल घेऊन बिल ऑफ लेडिंग न देतांच मुरगांवाहून निघून गेलें, आणि किंमत न भरलेल्या गिऱ्हाइकास माल देऊं नये अशी ताकीद असतां तो देऊन मोकळें झालें, अशी त्या मंडळीची तक्रार होती. तेंच जहाज एप्रिलांत विशाखापट्टणास आलें, तेव्हां आंध्र हायकोर्टाच्या हुकुमानें तें अडकविण्यांत आलें. जहाजवाल्यांचा बचाव काय, तर बाहेर जाणाऱ्या मालाविषयीं या कोर्टास अधिकारच नाहीं! स्वराज्य येऊन सदतीस वर्षें झालीं होतीं, आणि आमच्या न्यायाधीशांचे हात किती लांब हें इंग्लंडच्या जुन्या गजानें मोजलें जात होतें. सुप्रीम कोर्टानें २६ फेब्रुवारी १९९२ रोजीं तो गज मोडला: हायकोर्टें हीं श्रेष्ठ न्यायालयें आहेत, त्यांचा अधिकार व्यापक व स्वयंभू आहे, जुन्या कायद्यानें तो गोठत नाहीं. पार्लमेंटानें मात्र जुने कायदे काढून टाकून आपला कायदा करण्यास आणखी पंचवीस वर्षें लावलीं. या दिरंगाईचें समर्थन आम्हांस कोठेंही आढळलें नाहीं.

आतां खलाशाची गोष्ट. नव्या कायद्यांत त्याच्या पगाराचा, त्यांत घरीं परतण्याचा खर्चही आला, जहाजावर पहिला बोजा मानला आहे. मालक बदलला, निशाण बदललें, तरी बोजा सुटत नाहीं. या वर्गांतील इतर बोजे एका वर्षांत संपतात. पगाराचा दोन वर्षें टिकतो. बदलापुरच्या ज्या घरांत मुलाचे सहा महिन्यांचे पैसे आले नाहींत व भरतीचा दलाल फोन उचलीत नाहीं, त्या घरास हें कलम कोणी वाचून दाखविलें आहे काय?

रीत अशी. जहाज आपल्या समुद्रांत आहे असें कळतांच दावा व प्रतिज्ञालेख दाखल करावा. न्यायमूर्तींची खात्री पटली तर दुसऱ्या पक्षाची वाट न पाहतां अटकेचा हुकूम होतो, व त्याची बजावणी मुंबईच्या शेरीफाच्या कचेरीमार्फत होते. मालकानें जामीनकी दिली कीं जहाज सुटतें आणि दावा त्या जामीनकीवर चालतो. तो आलाच नाहीं, तर जहाज लिलांवांत विकून पैसा कोर्टांत ठेवतात व कायद्यांतील क्रमानें वांटतात. पण हें शस्त्र दुधारी आहे. अटक अन्याय्य ठरल्यास नुकसान भरून देण्याची हमी कोर्ट वादीकडून लिहून घेऊं शकतें. शिवाय माल पोंचविणाऱ्या स्थानिक एजंटाशीं झालेला प्रत्येक तंटा म्हणजे जहाजावरचा दावा नव्हे. कागद न तपासतां फोर्टाकडे धांवणाऱ्यास आम्ही उत्तेजन देणार नाहीं.

खरी अडचण वेळेची आहे. जहाज बंदरांत फार दिवस राहत नाहीं, आणि अंबरनाथच्या कारखानदाराचा पहिला दिवस वकील कोण गांठावा यांतच जातो. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें हायकोर्टाचें काम इंग्रजींत चालतें. म्हणून निदान या कायद्याचें सोप्या मराठींत भाषांतर उल्हासनगर व कल्याण येथील कोर्टांच्या ग्रंथालयांत ठेवावें. तेथील वकीलमंडळांनीं नौविषयक दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलांची यादी लावावी, आणि कारखानदारांच्या संघांनीं प्रत्येक निर्यातदारास बिल ऑफ लेडिंग व जहाजाचें नांव पहिल्याच दिवशीं टिपून ठेवण्याची सवय लावावी. खलाशांसाठीं कायदेशीर मदतीचा १९८७ चा कायदा आहेच. हायकोर्टाच्या विधिसेवा समितीनें पगाराच्या दाव्यासाठीं ठाणें जिल्ह्यांत महिन्यांतून एक दिवस आपला मनुष्य बसवावा. यास नवा कायदा नको कीं नवी तिजोरी नको. हें पत्र वाचणाऱ्या वकीलमंडळांच्या चिटणिसांनीं येत्या सभेंत हा विषय घ्यावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.