लग्नसराई आणि जूनची पेरणी

यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मोठी रोख रक्कम दिसते ती कापूस विकल्यावरच. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागते, विक्री उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते आणि पाठोपाठ लग्नसराई येते. साखरपुडा, बस्ता, आंदण, मानपान, गावजेवण, वरातीचा डीजे यांत कापसाचे पैसे जातात. जूनमध्ये बियाण्या-खतासाठी मग कृषी केंद्राची उधारी, नाहीतर सावकार. हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. तरी ‘हौसेने दिलेली’ दुचाकी आणि सोने चालूच आहे. तेरवीच्या जेवणावळीचेही तेच. यातला बराच खर्च हौसेपेक्षा धाकाचा असतो. पंगत लहान ठेवली तर सोयरे नावे ठेवतात आणि धाकट्या मुलीच्या सोयरिकीत ते आडवे येते.

ही उधळपट्टी खरी; पण शेतकरी तिच्यामुळेच बुडतो, हा जुना आरोप मात्र टिकत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो आसपास पसरला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही लग्नखर्च हे कर्जाचे मूळ क्वचितच असते, असेच म्हटले. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या आरोपाला सविस्तर उत्तर दिले. वऱ्हाडात पाऊस, कापसाचा भाव आणि व्याज या तिन्हींवर शेतकऱ्याचा ताबा नसतो. लग्नखर्च त्या ओझ्यावर भर घालतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा त्यातला मोठा वाटा सिंचनाचा होता आणि थकीत व्याजमाफीही त्यात होती.

खर्च कमी करण्याची वाटही जुनीच आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटजीविना, थोडक्या खर्चात लग्ने लावायला सुरुवात केली. अलीकडे राज्य शासनाची शुभमंगल विवाह योजना सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींना अनुदान देते. सुरुवातीला ते १० हजार रुपये होते. मात्र एकट्या मुलीच्या बापाने काटकसर केली तर ती गरिबी ठरते. म्हणून सुरुवात मुलाकडच्यांनी, त्यातही गावातल्या सधन घरांनी करायला हवी.