नावाची चूक आणि सोंड्या भुंगा

आधी एक छोटेसे गणित करू या. एका तळ्यात एक पाणवनस्पती वाढते आहे. दर तीन दिवसांनी ती दुप्पट होते. तिसाव्या दिवशी सारे तळे झाकून गेले. तर मग अर्धे तळे कितव्या दिवशी झाकले गेले होते? घाईने ‘पंधराव्या’ म्हणू नका. उत्तर आहे सत्ताविसाव्या! आणि अठराव्या दिवशी? तेव्हा तर तळ्याचा जेमतेम सोळावा भाग हिरवा झाला होता. तोवर काठावरच्या लोकांना काळजी करण्यासारखे काही दिसतच नाही.

गणितातले तळे काल्पनिक असले तरी वनस्पती खरी आहे. तिचे नाव साल्व्हिनिया मोलेस्टा. ही पाण्यावर तरंगणारी नेच्याच्या वर्गातली वनस्पती आहे. तिला फुले येत नाहीत, खरी मुळेही नसतात. पेऱ्यापेऱ्यावर तीन पाने असतात. त्यांपैकी दोन पाण्यावर तरंगतात आणि तिसरे धाग्यांसारखे होऊन पाण्यात लोंबते व मुळासारखे दिसते. हिचा एक तुकडा तुटला, की त्याचे नवे रोप होते. पाणी उबदार असले आणि खाद्य भरपूर मिळाले, तर तीन दिवसांत दुप्पट होणे हिला मुळीच अवघड नाही.

पाण्यावरची गादी

हे तण दाटले म्हणजे पाण्यावर जाड गादीच पसरते. खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यात प्राणवायू कमी होतो, मासे मरू लागतात. होडी पुढे सरकत नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयात हे तण १९५९ मध्ये दिसले आणि १९६२ पर्यंत सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी त्याने व्यापले.

आपल्याकडे केरळात ते १९५५ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या वेळी सरोवरात आढळले. पुढे कुट्टनाडच्या कालव्यांत आणि भातखाचरांत ते शिरले. भात लावण्याआधी शेतकऱ्यांना हे ओझे उपसून बांधावर टाकावे लागे. लोकांनी त्याला नाव दिले ‘आफ्रिकन पायल’. मल्याळम भाषेत पायल म्हणजे शेवाळ. गंमत अशी, की हे शेवाळही नाही आणि मूळचे आफ्रिकेतलेही नाही!

शत्रू शोधा, पण कुणाचा?

तण उपसले तर उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा उगवते. विषारी औषध फवारले तर त्याच पाण्यातले मासे आणि तेच पाणी पिणारी माणसे यांचे काय? म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. कोणतीही वनस्पती आपल्या मूळ घरी अशी बेफाम वाढत नाही, कारण तिथे तिला खाणारे कीटक असतात. परक्या देशात ती येते, पण तिचे शत्रू मागे राहतात. मग ते शत्रूच इथे आणले तर?

पण इथेच घोटाळा झाला. या तणाला सारे जण साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. साहजिकच त्या वनस्पतीच्या प्रदेशात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात आणि त्रिनिदाद बेटावर, कीटक शोधले गेले. तिथला एक सोंड्या भुंगा आफ्रिकेत सोडलाही; पण तण काही हटेना.

१९७२ मध्ये डेव्हिड मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ही जात निराळीच आहे. त्याने तिला ‘मोलेस्टा’ म्हणजे त्रासदायक असे नाव दिले. मग तिचे खरे घर कोणते? ऑस्ट्रेलियाच्या सी. एस. आय. आर. ओ. या संशोधन संस्थेतील वेंडी फोर्नो आणि केन हार्ले यांना ते १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तिथेही या वनस्पतीवर एक सोंड्या भुंगा होता. काळा, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा. तो कोवळे कोंब खातो आणि त्याच्या अळ्या देठ पोखरतात. दिसायला तो अगदी आधीच्या भुंग्यासारखाच!

परका कीटक आणायचा म्हणजे त्याची परीक्षा घ्यावीच लागते. दुसरी कोणतीही वनस्पती तो फस्त करणार नाही ना, हे आधी तपासून पाहिले. मग १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील माउंट आयझा गावाजवळच्या मूनडारा जलाशयात काही हजार भुंगे सोडले. वर्षभरात हिरवी गादी तपकिरी पडली, कुजली आणि बुडाली. एवढे यश पाहून भुंग्याची पुन्हा बारकाईने तपासणी झाली. तेव्हा कळले, की ही भुंग्याचीही वेगळीच जात आहे! १९८५ मध्ये तिचे सर्टोबेगस साल्व्हिनी असे नामकरण झाले.

तणाला खत!

पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीकाठी होडी हेच वाहन. तणाने नदीकाठची सरोवरे आणि ओढे बंद पडले, तेव्हा मासेमारी, बाजार, दवाखाना सारेच तुटले. काही लोकांना गाव सोडावे लागले. तिथे भुंगे आणले, पण ते वाढेनात. पीटर रूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की तिथल्या तणात नत्र फारच कमी आहे. भुंग्यांची उपासमार होत होती! मग त्यांनी चक्क तणालाच युरिया घातला. रोपे सकस झाली, भुंगे झपाट्याने वाढले आणि मग ते ठिकठिकाणी नेऊन सोडले. सुमारे २५० चौरस किलोमीटर पसरलेले तण काही वर्षांतच थोड्याशा भागापुरते उरले. या कामासाठी युनेस्कोने १९८५ चा विज्ञान पुरस्कार दिला.

भारतात हा भुंगा ऑस्ट्रेलियातून बंगळुरूला आला. तिथल्या एका कमळतळ्यात तो सोडला. अकरा महिन्यांत साल्व्हिनिया संपली आणि तिच्याखाली दबून गेलेली कमळे पुन्हा वर आली. पुढे केरळच्या कालव्यांतही त्याने आपले काम केले.

आपल्या नदीचे काय?

महाराष्ट्रात आपल्याला अधिक परिचयाची आहे ती जांभळ्या फुलांची जलपर्णी. तिचेही सोंड्या भुंगे १९८०च्या दशकात भारतात आले. मग मुळा-मुठेत आणि पंचगंगेत जलपर्णी अजून का दिसते? सेपिकच्या युरियाची गोष्ट आठवा. तिथे खत मोजून आणि थोड्या जागी घातले होते. आपल्या नद्यांत शहरांचे सांडपाणी अखंड खत घालत असते. त्यामुळे भुंगा खातो त्याहून वेगाने जलपर्णी वाढते. त्यातच पुराबरोबर भुंगेही वाहून जातात. सांडपाणी थांबल्याशिवाय एकट्या भुंग्याला हे काम पेलणार नाही.

मोठ्या माणसांबरोबर नदीवर गेलात, तर काठावरचे जलपर्णीचे एखादे पान नीट पाहा. त्यावर मसुरीएवढे, खरवडल्यासारखे फिकट ठिपके दिसले, तर समजा, सोंड्या भुंगा तिथे कामावर आहे. आणि घरच्या काचपेटीतली पाणवनस्पती नकोशी झाली, तर ती ओढ्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घाला. सुरुवातीचे गणित विसरू नका. एका तुकड्यालाही तळे झाकायला फार दिवस लागत नाहीत!