चित्रजवनिकेतील पोरस

इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या तीरावर झालेल्या लढाईचा उल्लेख प्राचीन भारतीय वाङ्मयात आढळत नाही. अलेक्झांडरशी झुंजलेल्या राजाचे नावही आपणांस ग्रीक रूपातच मिळते. ‘पुरू’ किंवा ‘पौरव’ हे आधुनिक अभ्यासकांचे अनुमान आहे. असे असूनही पोरस आज आपल्या नाटकांत, चित्रपटांत आणि शालेय पाठांत स्थिरावला आहे. अशा परक्या भाषांतून परतलेल्या नायकाकडे कसे पाहावे, याचा विचार करताना सतराव्या शतकातील एक फ्रेंच चित्रजवनिका उपयोगी पडते.

पॅरिसमधील गोब्लँ येथे कोल्बेरने १६६२ मध्ये राजाश्रयाची विणकामशाला उभी केली आणि चित्रकार शार्ल ल ब्रँ तिचा संचालक झाला. चौदाव्या लुईची तुलना त्या काळी अलेक्झांडरशी होत असे. साहजिकच ल ब्रँने अलेक्झांडरच्या चरित्रातील पाच प्रसंग रंगविले आणि त्यांवरून जवनिका विणल्या गेल्या. ग्रॅनिकस, आर्बेला व पोरस या तीन विषयांना दोन्ही बाजूंच्या अरुंद जवनिकांची जोड देण्यात आली. त्यामुळे पूर्ण संच अकरा जवनिकांचा झाला. आज लूव्रमध्ये असलेले पोरसाचे मूळ चित्र ४.७० मीटर उंच आणि साडेबारा मीटरांहून अधिक रुंद आहे. पुढे जेरार ओद्रांने केलेल्या कोरीव मुद्राचित्रांमुळे हे प्रसंग ओब्यूसाँ व ब्रुसेल्स येथील मागांपर्यंत पोहोचले. जुन्या फ्रेंच जवनिकांवर आढळणाऱ्या कित्येक प्राचीन रणप्रसंगांचे मूळ या मालिकेत आहे.

पोरसाच्या चित्रात मात्र मध्यभागी लढाई नाही. ती संपलेली आहे. घायाळ पोरसाला सैनिकांनी उचलून आणले आहे आणि अश्वारूढ विजेता त्याच्याकडे पाहत आहे. ही मांडणी कोठून आली? आरियनच्या वृत्तान्तात पोरस हत्तीवरून उतरतो आणि अलेक्झांडरला ताठ मानेने सामोरा येतो. क्विंटस कुर्टियसच्या लॅटिन ग्रंथात तो मृतप्राय अवस्थेत हाती लागतो आणि त्याचे डोळे उघडलेले पाहून अलेक्झांडरचे मन द्रवते. ल ब्रँचा पोरस कुर्टियसच्या पोरसाला अधिक जवळचा आहे. याच कुर्टियसचे व्होझला याने आयुष्याची अनेक वर्षे वेचून केलेले फ्रेंच भाषांतर १६५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले होते आणि ते फ्रेंच गद्याचा आदर्श मानले गेले.

राजाला राजासारखे वागवावे, हे पोरसाचे सुप्रसिद्ध उत्तर प्लुटार्क आणि आरियन यांच्याकडे आहे, कुर्टियसकडे नाही. तेथे पोरस विजेत्याला दैवाच्या चंचलतेची आठवण करून देतो. रासीनने १६६५ मधील आपल्या ‘अलेक्झांडर’ नाटकात पहिले उत्तर स्वीकारले. रंगभूमीवर हे उत्तर उच्चारता येते. जवनिकेला वाणी नाही. तेथे पोरसाची प्रतिष्ठा त्याच्या देहाच्या ठेवणीतून आणि अलेक्झांडरच्या मुद्रेतूनच प्रकट व्हावी लागते. परिणामी नाटकात पोरसाच्या वाक्याला जे महत्त्व आहे, ते जवनिकेत विजेत्याच्या औदार्याकडे जाते. फ्रेंच दरबाराला तेच अभिप्रेत होते.

येथे विणकामाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. चित्रजवनिकेत बाण्याचा रंगीत धागा वस्त्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. आपल्या रंगाच्या क्षेत्रापुरता जाऊन तो परत फिरतो. पैठणीच्या पदरावरील मोर याच तत्त्वाने विणला जातो. पैठणी मात्र दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, तर फ्रेंच जवनिकेच्या पाठीवर धाग्यांची टोके लोंबत राहतात. उभ्या मागावर विणकर या पाठच्या बाजूस बसतो; चित्राचा नमुना त्याच्या मागे असतो आणि दर्शनी बाजू त्याला समोर ठेवलेल्या आरशात पाहावी लागते. आडव्या मागावर नमुना ताण्याखाली असतो. तो आधीच उलटा रंगविला नसेल, तर वस्त्रावरील योद्ध्याची तलवार उजव्या हातातून डाव्या हातात जाते.

सर्व्हान्टेसने ‘डॉन किहोटे’च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात भाषांतराला फ्लँडर्सच्या जवनिकेच्या पाठच्या बाजूची उपमा दिली आहे: आकृती दिसतात, पण धाग्यांनी झाकोळलेल्या. भाषांतराचे उणेपण सांगण्यासाठी ही उपमा नेहमी वापरली जाते. परंतु उभ्या मागापाशी तिचा अर्थ पालटतो. जी बाजू प्रेक्षकाला सदोष वाटते, तिच्याच समोर बसून विणकराने सारे चित्र घडविलेले असते. कोणता धागा कोठे संपला आणि कोणता कोठून घेतला, हे तेथेच कळते.

भारतीय भाषांतील पोरसाचेही असेच आहे. मायकेल मधुसूदन दत्तांनी तारुण्यात त्याच्यावर कविता लिहिली, ती इंग्रजीत. जयशंकर प्रसादांच्या ‘चंद्रगुप्त’ (१९३१) नाटकात तो पर्वतेश्वर होतो. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ (१९४१) चित्रपटात तो परचक्राला तोंड देणारा स्वाभिमानी राजा आहे आणि ती भूमिका स्वतः मोदींनीच केली. एकाच कथेतून फ्रेंच दरबाराने विजेत्याची क्षमाशीलता उचलली, तर पारतंत्र्यातील भारताने पराजिताचा ताठ कणा उचलला. पहिली निवड दरबारी आणि दुसरी अस्सल, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. दोन्ही निवडीच आहेत आणि दोन्हींचा ताणा ग्रीक-लॅटिन आहे. त्यामुळे आपल्या पोरसाचे मोल उणावत नाही. तो आपला झाला आहे, पण आपल्याकडे पुन्हा विणला गेल्यामुळे. या विणीचा अभ्यास करणाऱ्याने दर्शनी बाजूपुढे हात जोडून न थांबता वस्त्र उलटून पाहिले पाहिजे.