साल, मर्जी आणि मोबाइल

मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. वर्षाची रक्कम, वर थोडं धान्य, कपडे, चप्पल. आणि पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या पाणी देण्यापर्यंत मालक सांगेल ते काम. अशा घरातला पोरगा नांदेडच्या तरोडा नाक्यावर किंवा लातूरच्या औसा रोडवर पाठीला जेवणाची पिशवी अडकवून उभा राहतो आणि ‘आपल्याला कुणी मालक नाही’ म्हणतो, तेव्हा ते फुशारकी समजून सोडून देऊ नये. मनात येईल तेव्हा लॉगिन, गावाकडं पेरणी निघाली की बंद. ही मोकळीक त्याच्या बापाला मिळाली नव्हती.

कामातलं समाधान कशावर ठरतं, याचा एक जुना आराखडा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडला. नुसत्या कष्टानं माणूस तितका पिचत नाही. कष्ट खूप आणि निर्णय हातात काहीच नाही, अशा कामानं तो पिचतो. डिलिव्हरीच्या कामाला ही फूटपट्टी लावली की गंमत दिसते. कधी यायचं हे पोराच्या हातात. पण किती अंतराला किती पैसे, कोणती ऑर्डर कुणाला, रेटिंग घसरल्यावर काय, हे सगळं मोबाइलच्या आत ठरतं. वेळेचंही तसं अर्धंच खरं. लोक जेवतात दुपारी आणि रात्री, इन्सेन्टिव्हचा आकडाही त्याच तासांत गाठायचा असतो. मेमध्ये नांदेडचा पारा 42च्या पुढं गेला, तरी भर दुपारी गाडी रस्त्यावर काढावीच लागते. पेट्रोल, टायर, पंक्चर त्याच्याच खिशातून.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या ऑनलाइन कामगारांविषयी जवळपास हेच लिहिलं: मोकळीक खरी, पण तिच्याबरोबर कमी मोबदला, अवेळी काम आणि एकटेपणही येतं. त्यातलं एकटेपण मला जास्त बोचतं. आयडी ब्लॉक झाला तर भांडायचं कुणाशी? समोर असतो चॅटचा चौकोन.

नीती आयोगाच्या 2022च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये असे सुट्या कामावरचे 77 लाख ‘गिग’ कामगार होते. 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असा अंदाज आहे. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिलं. संहिता लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 रोजी. कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के वाटा कामगारांच्या निधीत भरायचा आहे. विमा वगैरे त्यातून येईल, चांगलंच आहे. पण दर कोण ठरवतो, या प्रश्नाला संहिता हात लावत नाही. कर्नाटकानं 2025च्या कायद्यात एक पाऊल पुढं टाकलं: कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस. म्हणजे उदगीरच्या पलीकडं, बीदरच्या हद्दीत शिरलं की कायदा वेगळा.

खरं तर मालक नक्की कोण, हे कोडं महाराष्ट्राला नवं नाही. लातूरच्या आडत बाजारात हमाल सकाळी एका आडत्याची तूर उतरवतो, दुपारी दुसऱ्याचं सोयाबीन. मग त्याचा मालक कोण? 1969च्या माथाडी कायद्यानं या प्रश्नात न अडकता वाट काढली: माथाडी मंडळात कामगाराचीही नोंद आणि काम देणाऱ्याचीही, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, भविष्य निर्वाह निधी त्यातूनच. मंडळावर कामगारांचेही प्रतिनिधी. ही व्यवस्था सगळीकडं नीट चालते असं नाही. नोंदणीबाहेरचे हमाल आजही पुष्कळ आहेत. तरी बाजारात हमालीचा दर उघड असतो. शेतकऱ्याच्या पट्टीत तो आकडा वेगळा लिहिलेला असतो, आणि तो वाढवून हवा असला की हमाल काटे बंद पाडतात, मग आडत्यांना बैठकीला बसावंच लागतं.