प्रत्येक भूमिकेला कोरी वही

व्यापारात नाव हीच पुंजी असते. एकदा पत बसली की पुढची पिढीही तिच्यावर माल उचलते. नटांचेही बहुधा असेच घडते. एखादी लकब प्रेक्षकांना भावली की तीच वर्षानुवर्षे चालवली जाते. दिलीप प्रभावळकर यांनी मात्र हा मार्ग धरला नाही. दर भूमिकेला त्यांनी कोरी वही घेतली आणि मागची शिल्लक पुढे ओढली नाही.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. विज्ञानाचे उच्च शिक्षण, औषध कंपनीतील नोकरी आणि ती सांभाळून नाटक, अशी सुरुवात झाली. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चेटकीण रंगवली. दिवसभराच्या कामानंतर तालमीला उभे राहणे म्हणजे काय, हे नोकरदारालाच कळेल!

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव अवतरले. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या गल्लीत तेव्हा एकच दूरदर्शन संच होता आणि त्या घराची ओसरी भरून जात असे. दुसरा एखादा नट जन्मभर चिमणरावच विकत बसला असता.

१९९१ साली 'चौकट राजा' या चित्रपटात त्यांनी मतिमंद नंदू साकारला. दयेची भीक न मागता प्रेक्षकाला जवळ घेणारे ते काम होते. त्याच सुमारास त्यांनीच लिहिलेले 'हसवाफसवी' रंगभूमीवर आले. एकाच प्रयोगात सहा भूमिका! मी ते नाटक वडिलांसोबत पाहिले. वडील किराण्याचे व्यापारी; माणूस पारखण्यात आपली चूक होत नाही, अशी त्यांची खात्री. मध्यंतरात त्यांनी विचारले, "त्या बाईचे काम करते ती नटी कोण?" मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. पण कृष्णराव हेरंबकर हा थकलेला संगीत नट रंगमंचावर आला, तेव्हा सभागृह हसत असतानाही वडील गप्प झाले. तरुणपणी त्यांनी असे नट पाहिले होते. त्यांच्या उतारवयाची परवडही पाहिली होती. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, "याने थट्टा केली नाही हो."

हे वाक्य मला आजही प्रभावळकरांच्या कामावरचा नेमका शेरा वाटतो. विनोदी नटाला थट्टेचा मोह सर्वाधिक असतो.

२००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेचा उगम त्यांच्याच 'अनुदिनी' या दैनंदिनीवजा लेखनात होता. त्यातील आबा टिपरे हे आपल्या घरांच्या फार जवळचे पात्र आहे. पेढी मुलांच्या हाती गेली की गादीवरच्या वडीलधाऱ्याचे काय करायचे, हा आपल्याकडचा अवघड, सहसा न बोलला जाणारा प्रश्न. आबा नातवंडांवर हुकूम सोडत नाहीत आणि कोपऱ्यात रुसूनही बसत नाहीत. ते घरात असतात, ऐकतात, मधूनच चिमटा काढतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी घरातल्या प्रत्येक खर्चावर सही करायला निघालो होतो, तेव्हा सूनबाईंनी हसत म्हटले, "बाबा, जरा टिपऱ्यांसारखे राहा ना."

'झपाटलेला'मधील तात्या विंचू आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधील महात्मा गांधी या दोन टोकांच्या भूमिका एकाच माणसाच्या आहेत. गांधींच्या भूमिकेने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री त्यांनी रंगवला. चित्रपट संपल्यावर, तात्या विंचूचे काम याच आजोबांनी केले होते, असे मी नातवाला सांगितले. त्याने माझ्याकडे वडिलांसारखेच संशयाने पाहिले आणि खिशातून मोबाइल काढला.